हात राखून

आम्ही आयुष्यात चारचाकीत बसलो असू दोन-तीनदा, तेही दुसऱ्याच्या. पण गाड्या खपेनाशा झाल्या आणि घाव बसला तो आमच्या घरावर. आमचे हे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचे. शहराच्या कडेला कारखान्यांची रांग आहे, त्यातल्या एकात बारा वर्षं एकाच मशीनवर. आधी ओव्हरटाइम गेला. मग रात्रपाळी गेली. मग आठवड्यातले दोन दिवस 'घरीच थांबा' सुरू झालं, आणि एका सकाळी हे डबा घेऊन गेले ते तासाभरात भरलेला डबा घेऊन परत आले. गेटला कुलूप होतं.

"आलात?" मी म्हटलं. दुसरं काय विचारणार.

"आलो," हे म्हणाले, आणि चपला काढून भिंतीशी जोडीनं लावून ठेवल्या. एरवी एक चप्पल दारात असते आणि दुसरी शोधावी लागते. त्या चपला बघितल्या आणि मी यांच्या हातातला डबा काढून घेतला.

घरात आम्ही चौघं. दोन खोल्या, पुढच्या खोलीत सासूबाईंची खाट, मागच्या खोलीत चूल आणि बाकीचा संसार. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मी बॅगा शिवायच्या एका युनिटमध्ये रोजावर जायची. माझ्या रोजात घर चालत नव्हतं, रांगत होतं.

पहिले काही दिवस हे इस्त्रीचा शर्ट घालून सायकलवर निघायचे, जणू कारखानाच चालू आहे. सगळी गेटं पालथी घातली. एका गेटवरचा वॉचमन तर यांना म्हणाला, "आत जाऊन काय करणार दादा, आतलेच बाहेर येतायत." तरी हे तासभर तिथे उभे राहिले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "सावली होती."

मग मुलीनं कुठल्याशा एजन्सीचा पत्ता आणला. काचेचं दार, आत गार हवा. तिथल्या मुलीनं विचारलं, "सर, तुमचं स्किल काय?" यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ती म्हणाली, "तसं नाही सर, कॉम्प्युटर वगैरे?" हे उठून आले. मग सिक्युरिटीचं बघितलं. तिथे भिंतीला उभं करून उंची मोजली आणि थोडक्यात हुकलं म्हणाले. "बारा वर्षं बसून काम केलं," हे मला सांगत होते, "उंची कुणी विचारली नाही." मी हसले. हसू नये तिथे हसायची मला खोडच आहे. हेही मग थोडे हसले.

पण नाक्यावरून आले त्या दिवशी कुणी हसलं नाही. बांधकामाला माणसं नेतात तो नाका, तिथे सकाळी गवंडी, रंगारी, बिगारी उभे राहतात. हेही जाऊन उभे राहिले. मुकादम आला, यांचा तळवा उलटा करून बघितला, अंगठ्यानं दाबला, भाजी घेताना दाबतात तसा. "हात मऊ आहे," म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे गेला. घरी येऊन हे बराच वेळ मोरीत हात धूत बसले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "कारखान्याला कुलूप लावता येतं, पोटाला लावता येत नाही. कुठलंही काम कमी नसतं रे."

"काम कमी नसतं आई," हे म्हणाले, "काम नसतंच."

आणि मग मुलीनं तो विषय काढला. आम्ही जेवायला बसलो होतो. ती ताटाकडे बघत म्हणाली, "मोठ्या रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात काउंटरला मुलगी हवीय. मी विचारून ठेवलंय. एक तारखेपासून या म्हणतात."

"आणि कॉलेज?" मी विचारलं.

"कॉलेज कुठे पळून जातंय."

आता कॉलेज पळून जात नाही, पण त्यातून एकदा बाहेर पडलेल्या पोरी परत आत गेलेल्या मी तरी बघितल्या नाहीत. त्या न गेलेल्यांतली मीच एक आहे. यांच्या हातातला घास हातातच राहिला. मग हे म्हणाले, "एक तारखेपर्यंत थांब. तोवर मी बघतो." मुलीनं मान हलवली. ती बापाला दुखवत नाही, हेच तिचं वाईट आहे. माझ्याशी भांडली असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

आता आमच्या युनिटचं सांगते. एका जुन्या गोदामात वर पत्रा, खाली ओळीनं मशीनं. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि रेक्झिनचा वास डोक्यात जातो. मालक महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. सगळा कारभार त्याच्या भाच्याकडे. आम्ही त्याला भाचेबुवा म्हणतो. हातात कायम फोन, पायात कायम नवे बूट, आणि सुईत दोरा ओवता येत नाही. शिवणाऱ्या सगळ्या आम्ही बायकाच. खिडकीजवळच्या मशीनवर मावशी. युनिट सुरू झालं तेव्हापासूनची ती. मला मशीनवर बसायला तिनंच शिकवलं. पहिल्या दिवशी माझं बोट सुईखाली गेलं तेव्हा तिनंच ते तोंडात धरलं. वय झालं तिचं. डोळ्यांना जवळचं उन्हातही अंधुक दिसतं, पण बोटांना दिसतं म्हणायची. माझ्या मागे लवंगी. अंगानं एवढीशी, पण जीभ अशी की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी.

आमच्या युनिटात एक रीत होती. तिला आम्ही 'हात राखणं' म्हणायचो. पूर्वी एक मुलगी आली होती कामाला, हाताला वारा लागलेली. शाबासकीसाठी भराभर बॅगा काढायची. भाचेबुवांनी बघितलं आणि दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना तेवढ्याच बॅगा लावल्या. रोज तोच, बॅगा जास्त. ती मुलगी लग्न होऊन गेली, वाढलेलं काम मात्र आमच्या गळ्यात राहिलं. तेव्हापासून सगळ्यांनी ठरवलं की कुणीच पळायचं नाही. संध्याकाळी सगळ्यांचे ढीग एका उंचीचे दिसले पाहिजेत. ज्यांचा हात उरेल त्यांनी पाणी प्यायला उठायचं आणि जाता जाता मावशीच्या ढिगावर एक-दोन बॅगा ठेवून यायचं. मावशी वर बघायची नाही. आपण बोलायचं नाही. लवंगी सगळ्यांत जास्त पाणी प्यायची.

त्या महिन्यात शेवटच्या मशीनवरची बाई नवऱ्याबरोबर दुसरीकडे गेली. भाचेबुवा म्हणाले, "प्रवासी बॅगांचं काम आलंय, जाड रेक्झिन. कारखान्यातला माणूस असेल कुणी तर सांगा. मशीन एकच आहे."

मी घसा साफ केला. "माझे मिस्टर आहेत. सीट शिवायचे."

"पाठवा उद्या. ट्रायल घेऊ."

भाचेबुवा गेल्यावर लवंगी मागून म्हणाली, "आण तुझ्या नवऱ्याला. पण सांगून आण."

"सांगते."

"नीट सांग. पुरुषाची जात, मशीनवर बसला की त्याला शर्यत वाटते."

मावशी हसली. "येऊ दे जावईबापूंना," म्हणाली. "इतकी वर्षं लेक नांदवतेय मी इथे, जावई बघितला नाही अजून."

घरी आल्या आल्या यांना सांगितलं. आधी चेहरा उजळला. मग मी हात राखायचं सांगितलं तर कपाळाला आठ्या.

"म्हणजे येत असून येत नाही असं दाखवायचं?"

"तसं नाही हो. सगळ्यांच्या बरोबरीनं शिवायचं."

"ट्रायलला कोण बरोबरीनं शिवतं?"

"तुम्ही शिवा. सफाई दाखवा, वेग दाखवू नका. वेग तो मोजून घेईल आणि आमच्या बोडक्यावर बसवेल. मावशी पहिली जाईल."

कारखान्यात यांच्यापुढे पट्टा फिरायचा, त्याच्या चालीनं शिवायचं. हात राखायचा की सोडायचा हे यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, "बरं. राखतो." आणि जुनी कात्री काढून दगडावर घासत बसले.

दुसऱ्या दिवशी बघते तर ट्रायलला दोघं. एक हे, दुसरा टोपी घातलेला एक तरुण. यांच्याच कारखान्यातला निघाला, दुसऱ्या लाइनवरचा. दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं. भाचेबुवांनी एकीला तेवढ्यापुरतं उठवून शेजारी शेजारी दोन मशीनं दिली, माझ्या पुढच्या ओळीत. "चहा येईपर्यंत शिवायचं. ज्याच्या जास्त आणि ज्याच्या बऱ्या, तो राहील." असं म्हणून फोन काढून व्हिडिओ घ्यायला उभे राहिले.

यांनी दिलेला शब्द पाळला. मी मागून बघत होते. पट्टी लावली, कडा जुळवल्या, सावकाश टाका. चेन बसवली ती अशी की बोट फिरवलं तरी शिवण लागू नये. कोपरा आला की थांबत, सुई आत ठेवून रेक्झिन वळवत, पुन्हा सुरू. लवंगीनं मागून माझ्या पाठीला बोट लावलं, म्हणजे ठीक चाललंय. आणि तिकडे टोपीवाला सुटला होता. त्याची दुसरी बॅग झाली तेव्हा यांची पहिलीच हातात होती. त्याची शिवण बघण्यासारखी नव्हती, पण बॅग पाठीवर गेल्यावर शिवण कोण बघतो.

भाचेबुवा यांच्या मशीनपाशी वाकून म्हणाले, "काका, कारखान्यात सीट शिवत होता की सीटवर झोपत होता?"

आमच्यातल्याच दोघी हसल्या. त्यांचा काही दोष नाही, मालकाचा माणूस विनोद करतो तेव्हा हसू येतंच. यांचा कान लाल झाला. तो कान मी ओळखते. नाक्यावरून आले होते तेव्हा तसाच होता.

आणि नेमकी तेव्हाच यांची बॉबिन संपली. खालचा दोरा संपला की मशीन नुसतंच टकटकतं, टाका पडत नाही. भरलेल्या बॉबिनचा डबा गोदामाच्या दुसऱ्या टोकाला. उठून जायचं, शोधायची, यायचं, तोवर टोपीवाल्याची तिसरी झाली असती. हे मान वर करून डबा शोधत होते. माझ्या डोळ्यापुढे ते कापडाचं दुकान आलं. माझी पोर काउंटरमागे उभी, लोक घड्या मोडतायत आणि ती परत घालतेय.

मी माझ्या मशीनची बॉबिन काढली. आत्ताच भरलेली होती. मुठीत झाकून उठले, यांच्या हातात दिली, आणि हळूच म्हटलं, "आता राखू नका."

यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बॉबिन बसवली, दोरा वर ओढला आणि पायडल दाबलं.

बारा वर्षं हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन कुठे जायचा ते मला त्या दिवशी कळलं. कोपऱ्याला थांबणं नाही. गुडघ्यानं पाय उचलायचे, कापड दाबून धरतो तो मशीनचा पाय म्हणते मी, आणि त्याच झटक्यात रेक्झिन वळलेलं असायचं. दोरा तोडणं नाही, एक तुकडा संपताना दुसरा त्याला लागूनच आत. मशीनचा आवाज तुटेचना. जाड रेक्झिन यांच्या हाताखाली साध्या कापडासारखं ऐकत होतं. बायकांची मशीनं एकेक करून थांबली. पत्र्याखाली एकच मशीन वाजत होतं. मला काय वाटलं ते सांगते, लाज कशाला: माझा ऊर भरून आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याकडे असं टक लावून मी कधी बघितलं नव्हतं.

चहा आला तेव्हा मोजायची गरजच पडली नाही. टोपीवाल्यानं टोपी काढली आणि यांना म्हणाला, "काका, मला वाटलं मागे पडलात तुम्ही." त्यानं चहा घेतला नाही, तसाच गेला. त्याच्याही घरी कुणीतरी एक तारखेची वाट बघत असेल, हे मला तेव्हा नाही, नंतर सुचलं.

मी मागे वळले. लवंगी सुईत दोरा ओवत होती, आणि सुईत दोरा आधीच होता. मावशी माझ्या मशीनकडे बघत होती, बॉबिन नसलेल्या.

घरी मात्र त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी आवाज झाला. सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री केली. मुलगी दुकानात जाऊन नाही म्हणून सांगून आली आणि आल्या आल्या पुस्तक उघडूनच बसली. हे अंथरुणावर पडले आणि पडल्या पडल्या झोपले. यांचं घोरणं ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

भाचेबुवांनी आठवडाभर काही केलं नाही. मग एका सकाळी सगळ्यांना मशीनवरून उठवून गोळा केलं आणि फोन पुढे धरला. यांचे हात, यांचं मशीन. "बघा. हा माणूसच आहे ना? मग तुम्ही कोण आहात? बाहेर मंदी आहे, लोक गेटवर रांगा लावतायत. उद्यापासून याच हिशोबानं बॅगा पाहिजेत. ज्यांना जमणार नाही त्यांनी सांगावं, मी रागावणार नाही."

रागावणार नाही म्हणे. मेहेरबानीच की.

लवंगीनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "सांगून आणलं होतंस ना?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. मावशीनं मान खाली घातली आणि चष्मा पुसत राहिली. तिनं तोंड उघडलं असतं तर माझी धडगत नव्हती. तिनं उघडलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत हे आपण होऊन भाचेबुवांकडे गेले. मी दाराशी होते. हे म्हणाले, "साहेब, ते चहापर्यंतचं होतं. दिवसभर कुणी तसं शिवू शकत नाही. मीसुद्धा नाही."

भाचेबुवांनी फोन काढला. "हे हात कुणाचे आहेत काका?"

"माझेच."

"मग?"

हे परत येऊन मशीनवर बसले. डबा उघडला नाही.

त्यानंतर पाणी प्यायला उठणं बंद झालं. कुणाचाच हात उरेना. मी दोन दिवस प्रयत्न केला, एक बॅग मावशीच्या ढिगावर ठेवायची तर माझा ढीग खाली जायचा. संध्याकाळी सगळ्यांच्या ढिगांमध्ये मावशीचा ढीग बसकं मांजर असावं तसा दिसायचा. तिनं हट्टानं हात चालवून बघितला. एकदा शिवण वाकडी गेली, उसवून परत घातली, परत वाकडी गेली. आठवड्याच्या शेवटी भाचेबुवा तिच्या मशीनपाशी गेले आणि गोड आवाजात म्हणाले, "मावशी, खूप केलंत. आता आराम करा."

"आराम कुठे मिळतो ते पण सांगा," मावशी म्हणाली. एवढंच बोलली. कात्री, चष्मा, बसायची गादी पिशवीत घातली. खिडकीजवळचं मशीन जाड कामाला बरं म्हणून भाचेबुवांनी लगेच यांना तिथे बसायला सांगितलं. हे उभेच. मावशीच म्हणाली, "बसा, जावईबापू. खुर्चीच्या पायाला फडकं बांधलंय ते सोडू नका, नाहीतर डुगडुगते."

यांनी वाकून नमस्कार करायला हात पुढे केले, पण ती तोवर दाराकडे वळली होती.

पुढच्या सुट्टीला मी तिच्या खोलीवर गेले. दारात बसून तांदूळ निवडत होती. चष्मा लावला नव्हता, बोटांनीच खडे काढत होती. मी शेजारी बसले, सुपातले मूठभर तांदूळ पुढे ओढले. मला रडू आलं.

"बॉबिन दिलीस ती मी बघितली," ती म्हणाली.

"मावशी, मी..."

"माझा नवरा असता तर मीही दिली असती. दिलीस ना? मग आता रडू नकोस. दोन्ही करायचं नसतं."

मी डोळे पुसले आणि खडे काढायला लागले. थोड्या वेळानं विचारलं, "कसं चाललंय?"

"भाची देते काहीतरी. दोन घरची उसवलेली कापडं येतात. दात कोरून पोट भरतं का, पण दात तरी हलतात." हसली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "एक सांगू? सारखी येत जाऊ नकोस. तुझ्यावर राग नाही माझा. पण तू आलीस की मला मशीनचा आवाज ऐकू येतो, आणि मग दिवस जात नाही."

मी घरी येऊन यांना काही सांगितलं नाही. यांनीही विचारलं नाही, पण जेवताना म्हणाले, "ते फडकं अजून बांधलेलंच आहे."

आणि मग यांच्याच अंगावर आलं. चहापर्यंत केलेलं काम रोज दिवसभर करायचं म्हणजे काय ते खांद्याला कळतं. जाड रेक्झिन ढकलून ढकलून यांच्या उजव्या अंगठ्याला चीर पडली. ती भरायची नाही, दोरा त्यातूनच फिरायचा. दुपारनंतर दंड जड व्हायचा, मग बोटांना मुंग्या. घरी मुलगी अभ्यास बाजूला ठेवून तेल लावून खांदा चोळायची. सासूबाई म्हणायच्या, "तरुणपणी नाही दुखलं ते आता काय दुखतंय." हे म्हणायचे, "तरुणपणी पट्टा थांबायचा आई. इथे मीच पट्टा आहे."

भाचेबुवांना गंमत सापडली होती. जाता-येता म्हणायचे, "काका, व्हिडिओ दाखवू का?" आधी हसत म्हणायचे. मग हसेनासे झाले. एक दिवस फोनवर कुणाशी तरी बोलताना आम्ही ऐकलं, "हो, टोपीवाला होता ना एक, त्याचा नंबर आहे का बघा." ते यांनीही ऐकलं. त्या दिवशी यांनी संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही, उठावं लागू नये म्हणून.

मुलीची परीक्षा तोंडावर होती. एवढी परीक्षा निघाली पाहिजे, मग काय व्हायचं ते होवो, असं मी रोज मनात म्हणत होते. युनिटमध्ये आमच्याशी कुणी बोलत नव्हतं. म्हणजे कात्री मागितली तर द्यायच्या, सरक म्हटलं तर सरकायच्या, पण जेवायला बसलं की आमच्या बाजूला जागा उरायची. मी एरवी कुणाला गप्प बसू देत नाही. त्या दिवसांत मीच गप्प होते.

असाच एक दिवस. पत्रा तापलेला, हवा हलत नव्हती. दुपार उलटली तेव्हा मी यांच्या ढिगाकडे बघितलं. खिडकीच्या चौकटीच्या खालीच होता. तेवढ्या वेळात तो चौकटीच्या वर यायला पाहिजे होता. हे डाव्या हातानं उजवं मनगट धरून रेक्झिन वळवत होते. मी माझा ढीग बघितला. कसाबसा पुरत होता. एक जरी उचलली तर मी कमी पडत होते, आणि दोघं एकदम कमी पडून चालणार नव्हतं. भाचेबुवांचे बूट ऑफिसच्या दारापाशी वाजले.

माझ्या मागचं मशीन थांबलं. लवंगी उठली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा ती पाणी प्यायला उठली. माझ्या बाजूनं गेली, माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीपाशी पोचल्यावर तिनं पदराखालून दोन बॅगा काढल्या आणि यांच्या ढिगावर ठेवल्या.

यांचा पाय पायडलवर होता, पण मशीन चालत नव्हतं. हे त्या बॅगांकडे बघत राहिले. परत देतील असं मला वाटलं. हात पुढे गेलाही होता.

"राहू द्या," लवंगी म्हणाली. आवाज रोजचाच, जरासाही गोड नाही. "तुमच्या नाहीत त्या. मावशीच्या आहेत. या वेगाला माझाच हात बसायला उशीर झाला."

ती माठाकडे गेली, पेलाभर पाणी प्याली आणि परत येऊन आपल्या मशीनवर बसली. बूट जवळ आले. यांनी त्या दोन बॅगा ढिगावर सारख्या केल्या, कडेला कड लावून, आणि मान खाली घालून पायडल दाबलं.